दारू सोडवताना घरच्यांनी काय करावे: संशोधनाने तपासलेली वाट

एस.टी. स्थानकाच्या भिंतीवर आणि लोकलच्या डब्यात एका पुडीची जाहिरात वर्षानुवर्षे दिसते: पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा. जी पत्नी किंवा आई ती वाचून थांबते, तिच्यामागे बहुधा अनेक वर्षांची समजावणी, भांडणे, कुलदैवतासमोर घेतलेल्या आणि मोडलेल्या शपथा असतात. तिला मूर्ख ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही, कारण योग्य वाट तिच्यापर्यंत पोहोचलेलीच नसते. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात देशात 10 ते 75 वयोगटातील सुमारे 16 कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी 5.7 कोटींहून अधिक लोकांना मदतीची गरज आहे, असे आढळले. दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या प्रकारचा उपचार मिळाल्याचेही त्यातून दिसले. हे मार्गदर्शन उरलेल्या 37 जणांच्या घरांसाठी आहे.

आधी मोजावे, मग बोलावे

‘थोडीच घेतो’ आणि ‘रोज पिऊन येतो’ ही दोन्ही वाक्ये उपचारासाठी निरुपयोगी आहेत. डॉक्टरांना आकडा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक प्रमाण पेय. आपल्याकडे मिळणाऱ्या 42.8 टक्के तीव्रतेच्या व्हिस्की किंवा रमचे 30 मिलिलिटर म्हणजे साधारण एक पेय, नाइंटी म्हणजे तीन आणि 180 मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे सहा पेये होतात. ‘मी फक्त बिअर घेतो’ हे समाधानही तपासून पाहावे: 650 मिलिलिटरच्या पाच टक्क्यांच्या बाटलीत सुमारे अडीच, तर आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या बाटलीत चार पेये असतात. रात्री दोन स्ट्राँग बिअर घेणारा माणूस क्वार्टरपेक्षा जास्त पीत असतो. हातभट्टीच्या दारूची तीव्रता कोणालाच ठाऊक नसते, म्हणून तिथे किती ग्लास आणि दिवसातून किती वेळा, एवढेच लिहून ठेवावे.

दुसरे साधन आहे ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली. जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांतील अभ्यासावरून ती तयार केली. तिचे पहिले तीन प्रश्न पिण्याच्या प्रमाणाबद्दल, पुढचे तीन अवलंबित्वाबद्दल आणि शेवटचे चार झालेल्या नुकसानीबद्दल आहेत. एकूण गुण 0 ते 40 असतात. आठपासून पुढे धोक्याची पातळी सुरू होते, 16 ते 19 गुणांना हानिकारक पिणे मानतात आणि 20 किंवा त्याहून अधिक गुण आल्यास अवलंबित्वाची शक्यता धरून मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. ती पिणाऱ्याने स्वतः, शुद्धीत असताना भरायची आहे. त्याच्या पाठीमागे आपणच उत्तरे लिहून तिचा आरोपपत्रासारखा वापर करू नये. हा भेद मोजण्याचे कारण असे की आठ गुणांच्या माणसाला जे पुरेसे असते ते पंचवीस गुणांच्या माणसाला पुरत नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पंचवीस गुणांच्या माणसाची दारू एकदम बंद करणे त्याच्या जिवावर बेतू शकते.

एकदम बंद करण्याचा आग्रह धरू नये

या लेखातील एकच परिच्छेद लक्षात राहणार असेल तर तो हा असावा. दारू मेंदूला मंद करते. ती रोज मिळू लागली की मेंदू त्या मंदपणाशी झगडत अधिक उत्तेजित राहायला शिकतो, आणि मग ती अचानक थांबली की ती उत्तेजना मोकाट सुटते. शेवटच्या घोटानंतर साधारण सहा ते चोवीस तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ, धडधड आणि झोप न लागणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही रुग्णांना डिलिरियम ट्रेमेन्स होतो: माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो, नसलेली माणसे आणि किडे पाहतो, स्थळकाळाचे भान हरपतो, ताप आणि रक्तदाब चढतो. उपचार न मिळाल्यास यात मृत्यू होतो.

आपल्याकडे हे चित्र दोन ठिकाणी हमखास चुकीचे वाचले जाते. एक म्हणजे घरात. ‘दोन दिवस दारू बंद होती आणि तिसऱ्या रात्री कोणी तरी अंगात आल्यासारखा करू लागला’ असे म्हणून माणसाला मांत्रिकाकडे नेले जाते आणि उपचाराचे मोलाचे तास निघून जातात. दुसरे ठिकाण म्हणजे रुग्णालय. पाय मोडला म्हणून किंवा अपेंडिक्ससाठी भरती केलेला रोज पिणारा माणूस तिसऱ्या दिवशी सलाईन उपसून पळू लागतो, कारण लाजेखातर त्याच्या पिण्याबद्दल कोणी काही सांगितलेलेच नसते. म्हणून कोणत्याही कारणाने रुग्णालयात नेताना किती, कधीपासून आणि शेवटची कधी घेतली, या तीन गोष्टी पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगाव्यात.

माळ घालण्याबद्दलही इथेच लिहिणे आवश्यक आहे. वारकऱ्याची माळ गळ्यात घेऊन कायमचे दारूमुक्त झालेले लोक गावोगाव आहेत. माळेसोबत एक दिनक्रम, एक संगत आणि एक नवी ओळख मिळते आणि या तिन्ही गोष्टी व्यसनमुक्तीला खऱ्या अर्थाने उपयोगी आहेत. अडचण फक्त पहिल्या आठवड्याची आहे, कारण निश्चय मनाचा असतो आणि थरथर शरीराची. जो सकाळी उठल्याउठल्या पितो, ज्याला पूर्वी बंद करताना झटके किंवा भ्रम झाला आहे, जो रोज क्वार्टरहून अधिक घेतो, ज्याला यकृताचा आजार किंवा मधुमेह आहे अथवा जो आठवडेच्या आठवडे धड जेवलेला नाही, त्याने माळ घालण्याआधी जिल्हा रुग्णालयाच्या किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात जावे, आणि डॉक्टरांची भेट होईपर्यंत घरच्यांनी त्याची बाटली एकाएकी तोडू नये. तिथे क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा लोराझेपामसारखी औषधे देऊन, मात्रा रोज थोडी थोडी कमी करत, साधारण आठवड्याभरात शरीर सावरले जाते. या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नयेत; दारूसोबत घेतल्यास श्वास मंदावतो, आणि त्यांचेही व्यसन लागते.

सलाईनबद्दल एक बारकावा आहे. पिणाऱ्या माणसाला अशक्तपणा आला की जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावण्याची पद्धत आहे. सतत पिणाऱ्या आणि नीट न जेवणाऱ्या व्यक्तीच्या शरीरात थायामिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, फार कमी झालेले असते, आणि ते भरून न काढता ग्लुकोज दिल्यास मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका वाढतो. चाल अडखळणे, डोळ्यांची विचित्र हालचाल आणि गोंधळलेपणा ही त्या इजेची लक्षणे आहेत. ‘यांना दारूची सवय आहे, आधी बी-1 द्यावे लागेल का?’ असा प्रश्न घरच्या माणसाने नम्रपणे विचारायला हरकत नाही. झटके आले, भ्रम झाला किंवा माणूस जागा होईनासा झाला तर वेळ न घालवता 108 ला फोन करून रुग्णवाहिका मागवावी.

बोलावे कसे

पिणारा स्वतःहून उपचाराला तयार होईपर्यंत काहीच करता येत नाही, ही समजूत चुकीची आहे, आणि ती चुकीची असल्याचे मोजून दाखवले गेले आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठात रॉबर्ट मायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘क्राफ्ट’ नावाची, कुटुंबीयांना शिकवण्याची पद्धत विकसित केली. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपचाराला नकार देणाऱ्या व्यक्तींच्या 130 नातेवाइकांचे तीन गट केले होते. क्राफ्ट शिकलेल्या गटात 64 टक्के पिणारे उपचाराला आले. सर्वांनी मिळून एकदाच समोर बसवून जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण 30 टक्के आणि अल-अ‍ॅनॉन या पिणाऱ्यांच्या नातेवाइकांच्या आधारगटाच्या मार्गाने जाणाऱ्या गटात 13 टक्के होते. शेवटचा आकडा पाहून अल-अ‍ॅनॉनला कमी लेखू नये, कारण त्या सभांचा हेतूच पिणाऱ्याला बदलणे हा नसून घरच्यांना स्वतःचे मन सावरण्यासाठी आधार देणे हा आहे, आणि त्या गटातील नातेवाइकांनाही मानसिक दिलासा मिळाला होता.

क्राफ्टचा गाभा असा आहे की शुद्धीतला वेळ पिण्याच्या वेळेपेक्षा अधिक सुखाचा करायचा आणि पिण्याचे परिणाम पिणाऱ्याच्या पदरात पडू द्यायचे. ज्या संध्याकाळी तो न पिता घरी येतो, त्या संध्याकाळी जुन्या तक्रारींचे गाठोडे सोडू नये. एकत्र जेवावे, ‘आज घरात बरं वाटतंय’ असे मनापासून सांगावे. ज्या संध्याकाळी तो पिऊन येतो, त्या वेळी वाद न घालता शांतपणे दुसऱ्या खोलीत जावे. कामावर ‘त्यांना ताप आहे’ असे खोटे कळवणे आणि गुत्त्यावरची उधारी गुपचूप फेडणे थांबवावे. हे लिहायला सोपे आणि करायला फार कठीण आहे, कारण ती उधारी फेडली नाही तर चारचौघांत अब्रू जाते आणि पगार बुडाला तर चूल थांबते. म्हणून सगळे एकाच दिवशी थांबवू नये. आपल्याला पेलेल अशी एक गोष्ट निवडावी आणि ती टिकवावी.

बोलण्याची वेळ सकाळची, दारू उतरल्यानंतरची आणि मुले समोर नसतानाची असावी. वाक्ये थोडी, नेमक्या घटनेची आणि शेवटी एक सोपी मागणी असलेली असावीत. उदाहरणार्थ: ‘अहो, काल पमी गणिताची वही घेऊन तुमची वाट बघत झोपली. मला फार वाईट वाटलं. तुम्ही शिकवता तेव्हा तिला पटकन समजतं. बुधवारी सिव्हिलला मनोविकाराची ओपीडी असते, आपण दोघं जाऊन येऊ या का?’ या बोलण्यात ‘तुम्ही नेहमीच’, ‘तुमच्या वडिलांसारखे’ किंवा ‘शेवटचं सांगते’ असे काहीही नाही. दवाखान्याचा वार आणि वेळ आधीच विचारून ठेवलेली असावी, कारण होकाराची खिडकी बहुधा एखाद्या अपघातानंतर किंवा पोटदुखीनंतर उघडते आणि दोन दिवसांत मिटते.

घरात मारहाण होत असेल तर यातले काहीही त्या माणसावर करून पाहू नये. आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता. 112 किंवा महिलांसाठीचा 181 हा क्रमांक त्यासाठी आहे. व्यसन हा आजार असला तरी मारहाण सहन करणे हा त्याच्या उपचाराचा भाग नाही.

अजून अवलंबित्व न आलेल्यांसाठी थोडक्या समुपदेशनाचाही उपयोग होतो, आणि याचा उत्तम पुरावा आपल्या शेजारी गोव्यातून आला आहे. संगत या संस्थेच्या संशोधकांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ऑडिटवर 12 ते 19 गुण असलेल्या 377 पुरुषांवर केलेल्या चाचणीत स्थानिक, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार भेटी घेतल्या. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के आणि नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी 26 टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते. वर्षाने हे अंतर 54 विरुद्ध 32 टक्के इतके झाले. गावातल्या शिकलेल्या, विश्वासू माणसाने घेतलेल्या चार भेटींना एवढे बळ असू शकते, ही बाब आशा कार्यकर्त्या आणि ग्रामपंचायतींनी गंभीरपणे घ्यावी अशी आहे.

गोळ्या, आणि ती पुडी

उपचारात तीन औषधांची नावे वारंवार येतात. नाल्ट्रेक्सोन दारूतून मिळणारी मजा आणि तिची ओढ कमी करते. अ‍ॅकॅम्प्रोसेट दारू थांबल्यानंतरची अस्वस्थता शांत करून ती न पिण्याची स्थिती टिकवायला मदत करते. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणानुसार बारा जणांनी अ‍ॅकॅम्प्रोसेट घेतले तर त्यातला एक जास्तीचा माणूस पुन्हा पिण्यापासून वाचतो, आणि बारा जणांनी नाल्ट्रेक्सोन घेतले तर एक जास्तीचा माणूस भरमसाट पिण्याकडे परत जाण्यापासून वाचतो. हा जादूचा आकडा नव्हे. पण तो खरा आहे. यकृत आणि मूत्रपिंड तपासल्याशिवाय ही औषधे सुरू करू नयेत.

तिसरे औषध डायसल्फिराम. शरीरात दारूचे आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होते आणि नंतर ते निरुपद्रवी पदार्थात बदलते. डायसल्फिराम हा दुसरा टप्पा अडवते, त्यामुळे गोळी घेतलेल्या माणसाने दारू प्यायल्यास विषारी अ‍ॅसिटाल्डिहाइड साचून चेहरा लाल होतो, छाती धडधडते, डोके ठणकते, उलट्या होतात आणि रक्तदाब घसरतो. 1940 च्या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कमध्ये हा परिणाम ओळखला गेला. रुग्णाला सगळे समजावून, त्याची संमती घेऊन आणि घरच्या एका व्यक्तीच्या हातून रोज गोळी दिली तर हे औषध चांगले काम करते, कारण त्याची खरी शक्ती ‘आज मला पिता येणार नाही’ या जाणिवेत आहे.

आता जाहिरातीतल्या पुडीकडे वळावे लागेल. आमटीत किंवा चहात लपवून दिलेल्या चूर्णात काय आहे हे घरच्यांना कळत नाही, आणि त्यात डायसल्फिराम असेल तर ती जाणीवच माणसाला नसते. तो नेहमीसारखी क्वार्टर पितो आणि रस्त्यात कोसळतो. हृदयविकार असलेल्यासाठी ही प्रतिक्रिया प्राणघातक ठरू शकते. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम सुमारे दोन आठवडे राहू शकतो. शिवाय हे कधी तरी उघड होतेच, आणि मग घरच्या अन्नावरचा विश्वास उडतो. ज्या नात्याच्या आधाराने उपचार उभा राहायचा तेच नाते खचते. उघडपणे डायसल्फिराम घेणाऱ्यांनीही खोकल्याची काही औषधे आणि आयुर्वेदातील आसवे व अरिष्टे यांपासून जपावे, कारण द्राक्षासवासारख्या औषधांत आंबवण्यातून तयार झालेले अल्कोहोल असते.

केंद्र निवडताना

सर्वांनाच भरती व्हावे लागत नाही. बरेच जण बाह्यरुग्ण उपचाराने सावरतात. भरती करायची झाल्यास केंद्राचा दर्जा इमारतीवरून ठरवू नये. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे, त्यामुळे भरती असलेल्या व्यसनी व्यक्तीलाही त्या कायद्याचे संरक्षण मिळते. कोणत्याही प्रकारे साखळीने बांधणे, सक्तीने मुंडण करणे आणि मोबदल्याशिवाय जबरदस्तीने काम करून घेणे या गोष्टी त्याने निषिद्ध ठरवल्या आहेत. तेव्हा जाण्यापूर्वी विचारावे: नोंदणी आहे का, मनोविकारतज्ज्ञ किती दिवसांनी येतात, रात्री झटके आले तर कोण पाहते, घरच्यांना भेटू देतात का आणि सुटीनंतर पाठपुरावा कसा होतो. ‘गाडी पाठवतो, आम्ही उचलून आणतो’ असे फोनवर सांगणाऱ्या ठिकाणी माणूस पाठवू नये.

महाराष्ट्रात पुण्याच्या मुक्तांगणचे उदाहरण यासाठी मोलाचे आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेल्या या केंद्राने मारहाणीशिवाय, प्रेमाने आणि बऱ्या झालेल्या मित्रांच्या मदतीने उपचार करता येतात हे दाखवून दिले आणि पत्नींना उपचाराच्या केंद्रात आणले. जवळपासची मान्यताप्राप्त केंद्रे समजण्यासाठी केंद्र सरकारची 14446 ही व्यसनमुक्ती मदतवाहिनी आहे. मानसिक आधारासाठी टेलिमानसचा 14416 हा क्रमांक मराठीतही बोलतो. स्त्रियांचे पिणे आपल्याकडे इतके झाकले जाते की त्या फार उशिरा पोहोचतात, म्हणून त्यांच्यासाठी निदान पहिला फोन घरच्यांनी करावा.

घरी परतल्यानंतर

केंद्रातून घरी येणे हा उपचाराचा मध्य आहे. 2000 साली अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या एका गाजलेल्या लेखाने दाखवले की व्यसन उलटण्याचे प्रमाण 40 ते 60 टक्क्यांच्या घरात, म्हणजे रक्तदाब किंवा दम्याच्या रुग्णांचा आजार पुन्हा बळावण्याइतकेच असते. रक्तदाब वाढला म्हणून आपण कोणाला घराबाहेर काढत नाही, औषध तपासतो. इथेही तेच करायचे आहे.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या परस्पर आधारगटांच्या, सभा विनामूल्य असतात आणि महाराष्ट्रात मराठीतून चालतात. 27 अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या 2020 च्या कॉक्रेन अहवालानुसार या मार्गाशी पद्धतशीरपणे जोडून दिलेल्यांपैकी 42 टक्के लोक वर्षभरानंतर पूर्णपणे दारूमुक्त होते, तर इतर उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण 35 टक्के होते. एका सभेवरून मत बनवू नये. दोन-तीन वेगवेगळ्या गटांत बसून पाहावे.

आणि पगाराचा दिवस, लग्नाची वरात, गटारीची अमावास्या, यांची योजना आधीच एकत्र बसून करावी: पगार थेट खात्यात जाईल का, वरातीत सोबत कोण असेल, गटारीला त्या संध्याकाळी सभा आहे का. तरीही एखादे दिवशी तो पिऊन आला, तर त्या रात्री काही विचारू नये. सकाळी चहा द्यावा आणि विचारावे की काल कुठे, कोणासोबत आणि त्याआधी मनात काय चालले होते. त्याच दिवशी समुपदेशकाला फोन करावा. डायसल्फिराम सुरू असताना दारू घेतली असेल तर मात्र सकाळची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे. सलग अनेक दिवस पिणे झाले असेल तर पहिल्या वेळेप्रमाणेच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबावे.